हत्ती गेला, ओटीपी राहिला

आरसी बुकावरचे माननीय मालक यांस,

स. न. वि. वि.

आपली प्रत्यक्ष भेट नाही. गाडीबाजारातल्या एजंटनं ती होऊ दिली नाही. 'पार्टी बिझी असते, सह्या करून ठेवल्यात' एवढंच तो म्हणाला. तरी गेल्या पाच महिन्यांत मी तुम्हाला जेवढं ओळखलं, तेवढं तुमच्या सोयऱ्याधायऱ्यांनीही ओळखलं नसेल. माणसाचा स्वभाव अक्षरावरून कळतो, असं मी चौतीस वर्षं वर्गात सांगत आलो. निवृत्त झाल्यावर समजलं की त्याहून खात्रीचा पुरावा म्हणजे त्यानं विकलेली गाडी. तुमचं अक्षर मी गाडी नावावर करायच्या टीटीओ फॉर्मवरच्या सहीपुरतं पाहिलंय. तुमची गाडी मात्र नटबोल्टापर्यंत उघडून पाहिलीय.

विषय तुमच्या लक्षात आला असेलच. २०११ सालचा, पांढऱ्या रंगाचा (रंगाविषयी पुढं बोलूच) छोटा हत्ती. कागदावरचं नाव टाटा एस, पण त्या नावानं त्याला हाक मारणारा माणूस आमच्या पठारावर सापडायचा नाही. गाडीबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगतो. २००५ साली ही गाडी आली आणि तीनचाकी टेम्पो रेटत जगणाऱ्या कितीतरी माणसांच्या बुडाखाली चार चाकं आली. दोन सिलिंडर, ७०२ सीसी, सोळा अश्वशक्ती. घोडे सोळा आणि नाव हत्तीचं, असला विनोद करूनही ती इमानानं चालते. बेइमानी तिच्यात कंपनीनं घातलेली नव्हती. ती नंतर, स्थानिक पातळीवर बसवण्यात आली.

मी गाडी का घेतली, हेही सांगायला हवं, कारण मूर्खपणात माझाही वाटा आहे आणि तो मी कुणाला देणार नाही. आम्ही आणे पठारावरचे. पाऊस बेताचा, कांदा बऱ्यापैकी. माल घाट उतरून आळेफाट्याच्या बाजारात न्यायचा तर दर खेपेला भाडं, त्यात भाड्याचा टेम्पो आपल्या मर्जीनं येणार. पुतण्या लायसन काढून घरी बसलेला. मी वहीवर हिशेब मांडला. वहीवर कुठलीही गाडी फायद्यातच चालते. आमच्या मंडळींनी वही न बघताच मत दिलं, "त्यापेक्षा दोन शेळ्या घ्या. त्यांना धक्का तरी मारावा लागत नाही." हे वाक्य पुढं इतकं खरं ठरेल असं त्यांनाही वाटलं नसावं.

पुणे-नाशिक रस्त्यालगतच्या त्या गाडीबाजारात तुमचा हत्ती अगदी पुढच्या रांगेत उभा होता. टायरना काळं पॉलिश, पुढं लिंबू-मिरची, आरशाला काळी बाहुली. दृष्ट लागू नये याची सगळी काळजी घेतलेली. दृष्टीस काही पडू नये याचीही. मी सीट उचलून इंजिनाला हात लावला. हात लावून काय कळतं, ते मला ठाऊक नव्हतं, पण गाडी घेताना असं करतात हे पाहिलेलं. इंजिन गरम होतं. एजंट म्हणाला, "सकाळपासून तीन गिऱ्हाइकं ट्रायल घेऊन गेली." मला वाटलं, मागणी आहे. मीटरवर ६८ हजार किलोमीटर. मी भारावलो. घरी आल्यावर भागाकार केला तेव्हा उत्तर निघालं, तेरा वर्षं, रोज सरासरी चौदा किलोमीटर. भाड्याची गाडी होती की देवळात जाणारी आजी? मग मिस्त्रीनं दाखवलं की मीटरची केबल मागून काढून व्यवस्थित गुंडाळून ठेवलेली आहे. क्लचच्या पेडलचं रबर झिजून लोखंड चमकत होतं. ते मला गाडीबाजारातही दिसलं होतं, पण मी ती स्वच्छता समजलो.

"मास्तर, डोळे झाकून घ्या," एजंट म्हणाला. मी आयुष्यभर दुसऱ्याचं बोलणं शब्दशः घेऊ नका असं शिकवलं आणि त्या दिवशी शब्दशः घेतलं. सव्वा लाख. हत्ती मेला तरी सव्वा लाखाचा, ही म्हण मी पोरांना पन्नास वेळा वाक्यात उपयोग करून दाखवलीय, पण तिचं बिल माझ्या नावावर फाटेल असं वाटलं नव्हतं. दहा हजार इसार तिथंच दिला, बाकीचे दोन दिवसांनी.

गरम इंजिनाचं कोडं मार्गशीर्षातल्या पहिल्या कडाक्याच्या सकाळी सुटलं. गार इंजिन एका सेल्फला सुरू होत नाही, हे गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून ते आधीच तापवून ठेवायचं असतं. वस्तीवरच्या सहा जणांनी धक्का मारला. हत्ती जागा झाला आणि त्यानं असा धूर सोडला की शेजारच्या वस्तीवरून 'गंज पेटली का' म्हणून फोन आला. आमच्या मिस्त्रीचं धुराचं शास्त्र सोपं आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त जातंय, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय नाहीतर पाणी आत शिरतंय. तुमच्या हत्तीनं पाळीपाळीनं तिन्ही दाखवले. मिस्त्रीनं ऑइलची कांडी बाहेर काढली, थेंब बोटावर घेतला, अंगठ्यानं चोळला आणि म्हणाला, "मास्तर, हे ऑइल नाही, काकवी आहे." इंजिनाचा खडखडाट दबावा म्हणून त्यात काहीतरी दाट औषध ओतलेलं होतं. रिंगा गेलेल्या, बोअर झिजलेला. म्हातारं माणूस खोकतंय म्हणून त्याच्या तोंडात पुरणपोळी कोंबावी, तसा तो उपचार होता.

आता रेडिएटर. मालक, इथं मला थांबलंच पाहिजे, कारण तुमच्या प्रतिभेचा खरा बहर इथं आहे. झाकण उघडलं तर आत पिवळं. मी अज्ञानानं विचारलं, "कूलंट पिवळं असतं का?" मिस्त्रीनं वाकून वास घेतला आणि माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच ते केलंय. "हळद आहे." जेजुरीला जाऊन आलेला हत्ती मी प्रथमच पाहत होतो.

मग त्यानं मला सगळी हकीकत उलगडून सांगितली, आणि ती कुठल्याही रहस्यकथेपेक्षा सरस आहे. रेडिएटरला आधी एक बारीक गळती झाली. रेडिएटरवाल्याकडं नेऊन ती बुजवणं, म्हणजे तीनशे रुपये आणि अर्धा दिवस. तुम्ही त्याऐवजी हळद ओतली. हळद पाण्याबरोबर फिरते, फुगते, भोकात जाऊन बसते आणि गळती थांबते, हे खरं आहे. रानात, रात्री, दुसरा इलाज नसताना गावाकडचे ड्रायव्हर हे करतात आणि गावात पोचल्यावर रेडिएटर धुऊन घेतात. तुम्ही धुतला नाहीत. पण हळदीला भोक कुठलं आणि नळी कुठली ते कळत नाही, त्यामुळं जाळीच्या बारीक नळ्याही बुजल्या. इंजिन तापायला लागलं. मग तुम्ही थर्मोस्टॅट काढून फेकला, म्हणजे पाणी चोवीस तास मोकळं फिरावं. त्यानं थंडीत इंजिन तापेचना आणि डिझेल जास्त जायला लागलं. तरी उन्हाळ्यात काटा वर चढतच होता, म्हणून शेवटी तुम्ही काट्याची वायर कापली. काटा कायमचा खाली. रुग्ण मेला नाही, थर्मामीटर मेला.

मी या तीन पायऱ्या रात्री वहीत उतरवल्या आणि मला तुमच्याविषयी आदर वाटू लागला. तीनशे रुपयांचं एक काम टाळण्यासाठी माणूस तीन कामं करतो, वेगवेगळ्या दिवशी, डोकं लावून, हात काळे करून. तुम्ही आळशी नाही हो. आळशी माणसानं गळती तशीच राहू दिली असती आणि मला ती दिसली असती. तुम्ही कष्टाळू आहात. तुमचे सगळे कष्ट फक्त एका गोष्टीवर खर्च झाले, की गाडी दुरुस्त होऊ नये आणि दुरुस्त दिसावी.

आमच्याकडं लग्नातली हळद चार दिवसांत उतरते. तुमची उतरली नाही. जाळी बदलावी लागली.

इंजिन उतरवलं, लेथवर गेलं, नवे पिस्टन, नव्या रिंगा, हेडचं काम, पंप-नोझल तपासून. अडतीस हजार. तीन आठवडे हत्ती मिस्त्रीच्या पत्र्याखाली पोट उघडं टाकून उभा होता आणि आमचे कांदे भाड्याच्या टेम्पोतून घाट उतरत होते. भाडं देताना तो टेम्पोवाला दर खेपेला विचारायचा, "काय मास्तर, हत्ती माजावर आलाय का?"

रंगाविषयी बोलू म्हटलं होतं. गाडीचा रंग फार सुंदर होता. इतका ताजा की दाराच्या रबरावरही लागलेला. पुतण्याला कुणीतरी सांगितलं की पत्रा खरा की पुट्टी, ते लोहचुंबकानं कळतं. नातीच्या खेळण्यातलं चुंबक घेऊन आम्ही दोघं गाडीभोवती प्रदक्षिणा घालू लागलो. दारांच्या खालच्या अंगाला चुंबक चिकटेना. चाकांवरच्या कमानींना चिकटेना. नात म्हणाली, "आजोबा, चुंबक बिघडलंय." तिला बिचारीला जगाचा अनुभव नाही. मग पेंटरनं खरवडायला घेतलं. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी इनामगावला उत्खनन केलं, तेव्हा त्यांना जसे एकाखाली एक वस्तीचे थर मिळाले, तसे आम्हाला मिळू लागले. वरच्या पांढऱ्या थराखाली 'आई तुळजाभवानी प्रसन्न'. त्याखाली आकाशी रंगावर 'श्री खंडोबा प्रसन्न'. आणि तळाशी, मूळ पत्र्यावर, फिकट अक्षरांत 'साईकृपा'. म्हणजे तीन घराणी. एजंटनं 'एका हाताची गाडी' सांगितली होती. मी आरसी काढून पाहिली. मालकाचा अनुक्रमांक ३, स्वच्छ छापलेला. पोरांच्या वहीतला चुकलेला अनुस्वार मला दहा फुटांवरून दिसायचा, आणि हा तीन मला सव्वा लाख मोजताना दिसला नाही.

हौद्याचं काय सांगू? हत्तीवर हौदा असतो तो राजानं बसायला. तुमच्या हौद्यात कांद्याची पहिली गोणी ठेवली, तर तिचा एक कोपरा सरळ खाली रस्त्याच्या भेटीला गेला. पत्र्याला भोकं होती, भोकांवर फायबरचं कापड होतं, कापडावर पुट्टी, पुट्टीवर रंग, आणि सगळ्यावर एक स्वच्छ रबरी चटई, जी मला एजंटनं 'आपल्याकडून भेट' म्हणून दिली होती. नवा पत्रा आणि रंगकाम मिळून एकवीस हजार झाले. चटई अजून आहे. मंडळी तिच्यावर कुरडया वाळवतात.

मालक, पुरावे नष्ट करणाऱ्या प्रत्येकाकडून एक कागद मागं राहतो. तुमचा सीटखाली राहिला. डिझेलच्या डागांत मळलेली वजनकाट्याची पावती, निव्वळ वजन २,१०० किलो. कशाचं वजन ते लिहिलेलं नाही, पण हौद्याच्या फटींतून आम्ही वाळू, विटांचा चुरा आणि कोंबडीची पिसं अशी तिन्ही काढली होती. या गाडीची क्षमता ७५० किलो, म्हणजे पन्नास किलोच्या पंधरा गोण्या. तुम्ही बेचाळीस गोण्यांचं वजन लादत होता. एक बेचाळीसची चळवळ इंग्रजांविरुद्ध झाली, दुसरी बहुधा या हत्तीच्या पाठीवर. मग गाडी बसायला लागली तेव्हा तुम्ही मागं दोन जादा पाटे टाकून घेतले. पाटेवाल्यानं ते मोजून दाखवले आणि म्हणाला की पाटे वाढवून पाठ वाढत नाही. चासीला दोन ठिकाणी चीर गेलेली होती, तिच्यावर वेल्डिंग करून वर ग्रीस फासलेलं. ते बघून मला पहिल्यांदा हसू आलं नाही.

वायरिंगवर मी शब्द खर्च करणार नाही. हॉर्न वाजवला की उजवा इंडिकेटर लागायचा आणि फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी होती, एवढं पुरे. टायर वरून नवेकोरे, पण बाजूच्या भिंतीवरचे चार आकडे पुतण्यानं वाचले. २३१४, म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. जुन्याच पोटावर नवं रबर चढवलेलं. चारही बदलले.

आता ब्रेक.

हे आधी कळायला हवं होतं, पण कळलं उशिरा. गाडी चालती झाली होती, मिस्त्रीकडं अजून चार कामं बाकी होती, पण कांद्याला भाव चढला आणि आम्हाला धीर धरवला नाही. तेराच गोण्या भरल्या. पुतण्या चालवत होता, मी शेजारी. आणे घाट काही मोठा नाही, माळशेजवाले तर त्याला घाटही म्हणायचे नाहीत. उतारावर पुतण्यानं ब्रेक दाबला आणि गाडी उजवीकडं ओढली गेली. समोरून एसटी येत होती. त्यानं ब्रेक सोडला, गिअर खाली टाकला, गाडी डावीकडं घेतली, आणि पुढचा बाक आम्ही कसा घेतला ते मला आठवत नाही. आठवतो तो माझा उजवा पाय, जो नसलेला ब्रेक दाबत होता. घाट उतरून सपाटीला थांबल्यावर आम्ही दोघंही बराच वेळ खाली उतरलो नाही. पुतण्याची बायको तेव्हा सातव्या महिन्यात होती.

मिस्त्रीनं चाक उघडलं. मागच्या डाव्या चाकाचा ब्रेकचा सिलिंडर गळत होता. चारशे-साडेचारशेची वस्तू. ती न बदलता त्या चाकाकडं जाणारा पाइप कुणीतरी हातोडीनं चेंगरून बंद केला होता, म्हणजे तेल गळणार नाही. आणि त्या चाकाला ब्रेकही लागणार नाही. मागचं डावं चाक मुकं, उजवं थांबणार, म्हणून गाडी उजवीकडं ओढणार.

मी या पत्राला बसलो तेव्हा ठरवलं होतं की शेवटपर्यंत आवाज चढवायचा नाही, थट्टेतच सगळं सांगायचं. हळदीवर थट्टा करता येते. पुट्टीवर करता येते. या पाइपावर मला करता येत नाही, आणि मी प्रयत्नही सोडून दिलाय.

मिस्त्रीला मी विचारलं, यातलं कुठलं कुणी केलं असेल? तीन मालक आहेत. हळद कदाचित खंडोबावाल्यांची असेल, वाळू साईकृपावाल्यांची. कदाचित तुम्हालाही कुणीतरी 'डोळे झाकून घ्या' म्हटलं असेल आणि तुम्हीही माझ्यासारखेच पहिल्या थंडीत धक्का मारणारे गोळा केले असतील. काही दिवस मी तुम्हाला हा संशयाचा फायदा देत होतो. गाडीत जे जे निघालं ते बहुतेक जुनं होतं, गंजलेलं, मागच्याच्या मागच्यानं केलेलं असू शकणारं. पण मिस्त्री म्हणाला, "मास्तर, हा घाव बघा." चेंगरलेल्या पाइपावर हातोडीची खूण चकचकीत होती. गंजाचा ठिपका नाही. दोन-तीन महिन्यांपलीकडची नाही. तेव्हा गाडी तुमच्या दारात होती.

एकूण हिशेब सांगतो, तुम्हाला मागत नाही. दुरुस्तीचे १,०४,५०० रुपये. त्यात धक्का मारणाऱ्यांचा चहा धरलेला नाही. आज हत्ती एका सेल्फला उठतो, चारही पायांवर थांबतो, पंधरा गोण्या घेऊन घाट उतरतो आणि सोळावी गोणी कुणी ठेवू लागलं तर पुतण्या त्याच्याशी भांडतो. मागं आम्ही काहीही प्रसन्न लिहिलेलं नाही, नुसती रेडियमची पट्टी आहे. परवा तो मघाचा भाड्याचा टेम्पोवाला म्हणाला, "इकायचा का?" मी नाही म्हणालो. गाडीच्या पोटात कुठं काय आहे ते आता मला पाठ आहे, आणि हे असं पाठांतर मी दुसऱ्या कुठल्या गाडीसाठी पुन्हा करणार नाही.

तर मग पत्र कशासाठी? सांगतो.

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग लागतं. ते झालं, पहिल्याच फेरीत. पर्यावरण कर भरला. विमा काढला. कर्जाचा बोजा तुम्ही आधीच उतरवून ठेवला होता, हे पुण्य तुमच्या पदरात घालतो, आकडा छोटा असला तरी. राहिलं नावावर करणं. फॉर्म २९ वर तुमच्या सह्या आहेत, ३० वर आहेत, एजंटनं त्या आधीच घेतल्या होत्या. मी समजलो, झालं. आरटीओच्या बाहेरच्या टेबलावरच्या मुलानं संगणकात माहिती भरली आणि म्हणाला, "आता आधीच्या मालकाच्या मोबाईलवर ओटीपी येईल, तो सांगा."

तुमच्या मोबाईलवर मी फोन केला. बंद. दुसऱ्या दिवशी केला, बंद. पुतण्याच्या फोनवरून केला, एकदा वाजला आणि मग बंद. एजंट म्हणाला, "पार्टीचा नंबर बदलला बहुतेक." आरसीवरच्या पत्त्यावर रजिस्टर पत्र पाठवलं, ते 'सदर इसम येथे राहत नाही' असा शेरा घेऊन परत आलं. शेऱ्याचं अक्षर मात्र मला ओळखीचं वाटलं. टीटीओ फॉर्मवरच्या सहीत 'र'ला जी गाठ आहे, ती 'राहत'मध्येही होती. चौतीस वर्षं मी अक्षरं तपासलीत हो.

म्हणून हे उघडं पत्र.

मी हे विनवणीच्या सुरात लिहायला हवं, पण एक बारीकशी गोष्ट तुमच्या हिताची आहे, ती आधी सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५० म्हणतं की गाडी विकल्यावर चौदा दिवसांत विकणाऱ्यानं आरटीओला कळवायचं. तुमचे चौदा दिवस कधीच सरले. नोंद बदलेपर्यंत कायद्याच्या लेखी हत्ती तुमचा. यात माझ्या शब्दावर जाऊ नका. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं. तिथंही गाडी हातोहात पुढं विकली गेली होती, अपघात भलत्याच्याच ताब्यात असताना झाला, आणि भरपाईची जबाबदारी आली ती नोंदणीत ज्याचं नाव होतं त्याच्यावर. विकली म्हणून तो सुटला नाही.

आता आणे घाटातला तो बाक पुन्हा डोळ्यांसमोर आणा. एसटी समोर. आमचं जे व्हायचं ते झालं असतं. पण मागं जी फाइल तयार झाली असती, तिच्या पहिल्या पानावर मालक म्हणून नाव कुणाचं असतं? चारशे रुपयांचा सिलिंडर वाचवून तुम्ही जो पाइप चेंगरलात, त्याच्या दुसऱ्या टोकाला तुम्ही स्वतःच बांधलेले होता. हे तुमच्यासारख्या चतुर माणसाच्या ध्यानात कसं आलं नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं. इतकं सगळं झाकलंत, आणि नाव तेवढं उघडं ठेवलंत.

मला तुमच्याकडून पैसे नकोत. माफीही नको, ती मला कुठं ठेवायची कळणार नाही. सहा आकडे हवेत. येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता मी आरटीओच्या बाहेर त्या मुलाच्या टेबलापाशी बसलेलो असेन. तो बटण दाबेल, तुमचा मोबाईल वाजेल. ते आकडे थोडाच वेळ टिकतात, तेव्हा लगेच सांगा. हळद टाकून ते जास्त टिकवता येत नाहीत.

कळावे. लोभ होता तो सव्वा लाखातच संपला, तरी राहिला असल्यास असाच दुरून असावा.

आपला,
हत्तीचा चौथा मालक (नोंद व्हायची आहे)

ता. क. गेल्या आठवड्यात पुतण्यानं आळेफाट्यावर भलत्या जागी गाडी लावली आणि पाचशेचं ऑनलाइन चलन फाटलं. चूक आमची, गाडी आमच्या ताब्यातली, पण चलन अर्थातच तुमच्या नावावर. दंड भरावा म्हणून काल नातीकडून ऑनलाइन उघडून घेतलं, तर तो भरलेला दिसला. घरात सगळ्यांना विचारलं. आमच्यापैकी कुणीही भरलेला नाही.

म्हणजे मोबाईल चालू आहे.